दाखल्याची वाट न बघता शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना होत आला. दप्तराचं ओझं, गणवेशाचं कापड, आरटीईच्या पंचवीस टक्के जागा यांवर दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत. मी वेगळ्या मुलांसाठी थोडी जागा मागते आहे. ज्यांना अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे समज चांगली आहे पण वाचणं, लिहिणं किंवा आकडेमोड साधत नाही, अशा मुलांना ओळखायचं आणि शिकवायचं काम कायद्याने शाळेचं आहे. आमच्याकडे शाळा ते काम पालकांकडे ढकलतात. 'आधी डॉक्टरचा दाखला आणा, मग बघू,' एवढं सांगितलं की त्यांचं काम संपतं. दाखला हातात पडेपर्यंत मुलाची शिकायची वर्षं निघून जातात.

आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मी घरी शिवणकाम करते, यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा सहावीत आहे, अनुदानित मराठी शाळेत. त्याला शाळेत अजून बरीच वर्षं काढायची आहेत, म्हणून त्याचं, शाळेचं आणि माझं नाव देत नाही.

त्याची तिसरीतली वही मी जपून ठेवली आहे. त्यात 'सूर्य' हा शब्द 'सुयर्' असा आहे, 'पुस्तक' कुठे 'पुसत्क' तर कुठे 'पुतस्क'. 'किती'च्या दोन्ही वेलांट्या उलट्या बाजूला. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी. आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण म्हणतो. पण ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहायची मात्र अक्षराच्या आधी. 'सूर्य'मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि कागदावर जातो य च्या डोक्यावर. आपल्याला हे कधी जमायला लागलं ते आठवतसुद्धा नाही. माझ्या मुलाला ते दर शब्दाला नव्याने जुळवावं लागतं. फळ्यावरचं उतरवून घेताना तो एक अक्षर बघतो, मान खाली घालून ते लिहितो, पुन्हा वर बघतो तेव्हा ओळ हरवलेली असते. ती सापडेपर्यंत बाईंनी फळा पुसलेला असतो. मग वहीत अर्धं वाक्य राहतं आणि शेरा येतो, 'अपूर्ण'.

हाच मुलगा चौथीत असताना अफजलखानाच्या भेटीचा धडा एकदा ऐकून घरात सगळ्यांना सांगत होता, वकिलांच्या नावांसकट. दुकानात तांब्याची तार बोटात धरली की तिचा गेज सांगतो. किती वेढे झाले हे यांच्याआधी त्याच्या लक्षात असतं. पण त्रेसष्ट सांगितलं की लिहितो ३६. आपल्या बोलण्यात एकक आधी येतो, लिहिताना दशक आधी, आणि तो ऐकलेल्या क्रमाने लिहून मोकळा होतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली होती. माझ्या मुलाला 'साठ तीन' सांगितलं की तो ६३ बरोबर लिहितो. थट्टा करणाऱ्या मोठ्या माणसांनी अशा मुलांशेजारी बसून एक पान गणित करून घ्यायला हवं होतं, असं मला आज वाटतं.

शाळेत दुसरीपासून एकच ऐकत आलो. लक्ष देत नाही, खेळकर आहे, घरी अभ्यास घ्या, शिकवणी लावा. शिकवणी लावली. तिथेही तेच पुस्तक, तेच शुद्धलेखन दहा-दहा वेळा. चुकीचा शब्द दहा वेळा लिहून तो दहा वेळा चुकीचाच पक्का होत होता. वर्गात उभं करून वाचायला लावलं की मुलं हसायची, म्हणून मराठीच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांकडे नेलं तर पोटात काही नाही. वर्गशिक्षिकांना मी दोष देत नाही. एका वर्गात एवढी मुलं, त्यात निवडणुकीची, सर्वेक्षणाची आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं. आणि असं मूल कसं ओळखायचं, कसं शिकवायचं हे त्यांना कुणी नीट शिकवलेलंच नाही, असं त्या स्वतः म्हणाल्या.

सिंगल फेज मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा हे ती भंगारात टाकत नाहीत, बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तो बदलतात. माझ्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय बदलायला हवं ते एका बाईंनी दाखवलं. त्या समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षिका, तेव्हा कंत्राटी होत्या. दुसऱ्या एका मुलासाठी शाळेत आल्या होत्या, आमच्या बाईंनी आपण होऊन त्यांना याच्याकडेही बघायला सांगितलं. अर्धा तास त्याच्याजवळ बसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, 'ताई, याला आळशी म्हणू नका. तुम्ही याची तपासणी करून घ्या, पण तोवर थांबू नका, मी सांगते तसं सुरू करा.'

त्यांनी सांगितलेलं साधंच होतं. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना तोंडाने म्हणायचं. पुठ्ठ्याला ओळीएवढी खिडकी कापायची, वाचताना ती पानावर सरकवत न्यायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. वेलांट्या एका रंगात, उकार दुसऱ्या रंगात. शब्दाचे आधी टाळ्या वाजवून तुकडे पाडायचे, मग लिहायचे. रोज थोडा वेळ, पण रोज. त्या शाळेत येत होत्या तेवढ्या काळात तो 'आई भाजी आणते' यासारखी वाक्यं अडखळत का होईना आपली आपण वाचायला लागला. मग त्यांच्याकडे आणखी शाळा आल्या आणि आमच्या शाळेत येणं थांबलं. आता रवा मी पसरते, पण मी शिक्षिका नाही. जोडाक्षरांच्या पुढे कसं न्यायचं हे मला माहीत नाही.

शाळेकडे गेले तर उत्तर ठरलेलं होतं, दाखला आणा.

दाखला म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तर प्रश्न वेगळा. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात. त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या, आणि त्या मुलाच्या शाळेच्या माध्यमातून व्हायला हव्यात. हे सगळं करणारी माणसं एका ठिकाणी असलेलं सरकारी रुग्णालय आमच्यापासून लांब, मोठ्या शहरात. एक तपासणी आज, दुसरीची तारीख पुढच्या महिन्यात, तिसऱ्या तारखेला मॅडम रजेवर. दर वेळी याची शाळा बुडते, यांचं दुकान बंद राहतं, माझ्याकडची लग्नसराईची शिलाई रखडते. खासगीत तपासणी लवकर होते, पण ती अनेक ठिकाणी चालत नाही आणि खर्च आमच्यासारख्यांना झेपणारा नाही. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तिसरी किंवा आठ वर्षं वयापासून अशा मुलांची प्राथमिक पडताळणी सुरू करायची असं होतं. आमच्याकडे आठव्या वर्षी कुणी पडताळणी केली नाही. मुलाला दाखला मिळाला तेव्हा तो पाचवीत होता.

आणि पाचवी आता पूर्वीची राहिलेली नाही. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा एक संधी, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात. ज्या मुलाची अक्षमता शाळेने ओळखलीच नाही, त्याला त्याच वर्गात बसवून, तेच पुस्तक, त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून काय साधणार? आमचा मुलगा पाचवीतून सुटला, कारण बाईंनी प्रश्न वाचून दाखवले. असं करता येतं हे माहीत असलेली बाई प्रत्येक शाळेत असेलच असं नाही.

दाखल्यासाठी थांबलेलो असताना रुग्णालयात एका मुलीच्या वडिलांनी मला कायद्याची मराठी प्रत मोबाइलवर पाठवली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मी रात्री बसून कलम १६ पुन्हा पुन्हा वाचलं. सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांमध्ये काय व्हायला हवं ते त्यात आहे. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करण्यासाठी शिकवण्याचे योग्य उपाय करायचे. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती पाहत राहायची. त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या. शाळांकडून हे करून घेण्याची जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची. ओळखण्याच्या आणि शिकवण्याच्या त्या ओळीत दाखल्याचा उल्लेख नाही. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असण्याची अट आहे ती कलम ३१ मध्ये, सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१च्या फेब्रुवारीत लेखनिकाच्या एका प्रकरणात सांगितलं की ही सोय फक्त चाळीस टक्क्यांवरच्यांपुरती ठेवता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नीट परीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारला गेला होता, त्या निकालातही हाच धागा आहे.

मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला. त्यात कलम लिहिलं आणि मागण्या साध्या ठेवल्या. वर्गासमोर त्याला मोठ्याने वाचायला लावू नये. परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी, काही उत्तरं तोंडी घ्यावीत. फळ्यावरचं लिहून झालं नाही तर बाईंनी फळ्याचा फोटो पाठवावा. आणि आठवड्यातून निदान दोनदा विशेष शिक्षकाकडून वाचन-लेखन घ्यावं. मुख्याध्यापक आधी रागावले. 'एवढ्या वर्षांत पालकांनी असा कायदा कुणी दाखवला नाही,' म्हणाले. पण माणूस चांगला आहे. दुसऱ्यांदा भेटले तेव्हा अर्ज पुढे ठेवून एकेक मागणी वाचली आणि पहिल्या चार गोष्टी शाळेतल्या शाळेत करता येतात हे मान्य केलं. त्या सुरूही झाल्या. मराठीच्या तासाला पोट दुखणं थांबलं आहे.

पाचवी मागणी मात्र त्यांच्या हातात नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच. पहिल्या चारांनी मुलाचा त्रास कमी होतो. तो वाचायला शिकेल तो पाचव्या मागणीमुळे.

इथे सरकारकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५मध्ये सगळ्या राज्यांना पदं जाहीर करून भरायला सांगितलं. आपल्या राज्याने त्याआधीच, २०२४ साली, केंद्रस्तरावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचा निर्णय घेतला आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांना त्यात सामावून घ्यायचं ठरवलं. मला त्या निर्णयाचा मनापासून आनंद झाला, कारण आमच्या त्या बाई डोळ्यांसमोर होत्या. पण एका केंद्राला एक शिक्षक म्हणजे अनेक शाळांना एक शिक्षक. त्यात अंध, कर्णबधिर, मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्न अशी सगळी मुलं. जे मूल चालू शकत नाही किंवा ऐकू शकत नाही, त्याच्याकडे शिक्षक आधी जाणार आणि जायलाच हवं. अध्ययन अक्षमतेचं मूल दिसायला धडधाकट, गप्प बसून फळ्याकडे बघणारं. रांगेत ते नेहमी शेवटी राहतं.

शाळेच्या माहितीच्या अर्जात दिव्यांग मुलांचा रकाना असतो. माझ्या मुलाच्या वर्गाच्या यादीत तो चौथीपर्यंत कोराच होता. ज्या मुलांची नोंद नाही त्यांच्यासाठी शिक्षक मागायचा तरी कसा? म्हणून तिसरीच्या वर्षात प्रत्येक शाळेत या मुलांची प्राथमिक पडताळणी व्हावी, वर्गशिक्षकांनीच करावी, त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळावं आणि तिची नोंद ठेवावी. पडताळणीत मूल सापडलं की दाखल्याची वाट न बघता त्याला शिकवायला लागावं. रव्याचं ताट आणि खिडकीचा पुठ्ठा वापरायला सरकारी शिक्का लागत नाही. मुलाला कोण, कोणत्या दिवशी, काय शिकवणार आणि तीन महिन्यांनी काय यायला हवं, असा एक पानाचा आराखडा शाळेने करावा, त्यावर पालकांची सही घ्यावी आणि एक प्रत पालकांना द्यावी. दाखल्याची तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी, एकाच दिवशी पूर्ण व्हावी. मानसशास्त्रज्ञ कायमचा मिळत नसेल तर महिन्यातून काही दिवस तरी बोलवावा. राज्याने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, तेव्हा देशात पहिलंच असं राज्य म्हणून कौतुक झालं होतं. आरोग्य आणि शालेय शिक्षण या दोन विभागांना एका टेबलाशी बसवणं या विभागाला जमायला हवं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. शहरांत नववी-दहावीला अचानक दाखले निघतात, जादा वेळ आणि लेखनिक मिळवण्यासाठी, मग खऱ्या-खोट्याचं काय? बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या मीही वाचल्या आहेत आणि त्यांचा सगळ्यात जास्त राग आमच्यासारख्यांना येतो, कारण पुढची तपासणी आणखी कडक आणि आणखी लांब होते ती आमच्या मुलांची. पण ज्या मुलाची तिसरीपासून नोंद आहे, दर वर्षीचा आराखडा आहे, वह्या आहेत, त्याच्याबद्दल दहावीला कुणाला शंका यायचं कारण नाही. शाळेने लवकर ओळखलं तर खोट्याला वाव कमी राहील.

दहावीच्या सवलतींबद्दलही दोन शब्द. तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, गणकयंत्र, भाषेतली सूट हे बहुतेकांना ठाऊक आहे आणि निकालाच्या दिवशी अशा मुलांचे फोटो छापून येतात. मला त्यांचं कौतुक आहे. पण लेखनिक मिळाला म्हणून मूल वाचायला शिकत नाही. पुढे बँकेचा अर्ज, गाडीचा परवाना, मोटरीबरोबर आलेला कागद हे सगळं त्यालाच वाचायचं आहे. सहावीतल्या मुलाच्या आईला 'दहावीला सवलत मिळेल, काळजी करू नका' असं सांगितलं जातं तेव्हा मधल्या चार वर्षांचं काय, हा प्रश्न माझ्या तोंडावर येतो.

भाषेवरून आठवलं. २०२५च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवर राज्य पेटलं होतं, शेवटी २९ जूनला शासनाने त्याबद्दलचे दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या सगळ्या चर्चेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १७मध्ये ज्या मुलांसाठी आहे, त्यांची आठवण फार थोड्यांना झाली. माझा मुलगा पाचवीपासून मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही शिकतो. हिंदीत 'पानी' लिहून शाबासकी मिळाली की मराठीतही 'पानी' लिहितो आणि तिथे गुण जातो. सूट मागितली तर ती दहावीला असते, असं सांगण्यात आलं. कायद्यातल्या त्या ओळीत इयत्ता लिहिलेली नाही.

माझ्यासारख्या पालकांना एवढंच सांगते. तोंडी बोलून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मुलाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका, त्यांच्याइतका पुरावा दुसरा नाही. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथेही काही झालं नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, तिला वकील लावावा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाबरोबर आपल्या शाळेत अशी किती मुलं आहेत आणि त्यांना कोण शिकवतं, हा विषय तिथे घ्या.

विशेष शिक्षकाबद्दलचा माझा अर्ज मुख्याध्यापकांनी आपली शिफारस जोडून पुढे पाठवला आहे. तो पंचायत समितीत आहे. कुणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. मागेल त्याला आपण तो जरूर द्यावा, ही विनंती.

आपली,
एक आई, जिल्हा सातारा
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही.)